एकेचाळीस थर

तंजावूर, शुक्रवार

प्रिय प्रणवेश,

हे देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तुझ्या चेन्नईच्या लॅबमध्ये दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. ही अक्षरं तुला मीच गिरवायला लावली होती, राजवाड्यामागच्या आमच्या घरी. मराठी बोलायचास झकास, पण वाचायची वेळ आली की तुला घाम फुटायचा. आई विचारते, प्रणवेश पोंगलला येणार का. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

पापनाशमच्या भातलावणीच्या बायकांच्या पायांच्या जखमांतून तू तो जिवाणू आणलास, तो दिवस आठवतो? एकेक थर वेगळा टिपणारा कॉन्फोकल मायक्रोस्कोप चालवणारी मी. काचेवर वाढवलेल्या माणसाच्या जिवंत पेशी हिरव्या रंगवलेल्या, त्यांच्यावर सोडलेले जिवाणू लाल. पेशी मरू नयेत म्हणून ऊब सांभाळत मी वरपासून तळापर्यंत एकेचाळीस थर टिपले. लाल ठिपके वरच्याच थरांत संपले आणि हिरवं त्यांच्या खाली सुरू झालं. जिवाणू पेशीत शिरलाच नव्हता, नुसता वर बसला होता. तू म्हणालास, सगळे थर एकत्र करून एक चित्र दे, भिंतीवर लावायला. मला तुझी दया आली, दिलं. गच्चीवरचा कावळा आकाशातून पाहिला तर घरातच बसलाय असं वाटावं, तसं ते चित्र. हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

तेच तू पुरावा म्हणून एका नियतकालिकात, शोधनिबंधात छापलंस. जिवाणू जिवंत पेशीत लपतो, म्हणून औषध लागू पडत नाही म्हणे. मला कळलं ते जननीच्या टेबलावरच्या प्रतीवरून, आणि लेखकांत माझंही नाव. फोन केला तर म्हणालास, आपल्या लग्नानंतर बोलू. त्या एका शब्दावर मी मूर्ख दोन वर्षं तोंड शिवून बसले. लग्नाचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. तू माझा विश्वासघात केलास, प्रणवेश, आणि तुझ्या खोट्यात मलाच सामील करून घेतलंस.

जननी म्हणजे तुझ्या जागी आलेली ओरत्तनाडूची मुलगी. दोन वर्षं ती तुझाच प्रयोग पुन्हा करून बघते आहे आणि जिवाणू काही आत जात नाही. तिच्या मार्गदर्शक सरांनी तिच्या हातांना दोष दिला. सोमवारी तिने पीएचडी सोडायचा अर्ज लिहिला, तेव्हा मी तिला मूळ फाईल उघडून दिली. एकेक थर बघत ती तळापर्यंत गेली. मग हळूच म्हणाली, "अक्का, म्हणजे मज हात चुकलं नव्हतं?" मला तिच्याकडे बघवेना.

आज सकाळी सगळे थर मी त्या नियतकालिकाकडे पाठवले. चित्र मीच जोडलं आणि गप्पही मीच बसले, हेही लिहिलं. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. जननीने अर्ज फाडला आहे. तू उत्तर द्यावंस म्हणून हे पत्र नाही. तुझी करणी मला दुसऱ्याच्या टेबलावर कळली. माझी तुला माझ्याच हातून कळावी, एवढ्यासाठी लिहिलं.

कालपर्यंत तुझीच,
अंबा