करडं मांजर आणि बदली गाडी

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे. म्हणजे जशी असते तशी बरी आहे. आत्ता खिडकीपाशी खुर्चीत बसलीय आणि समोरच्या टेबलावर मी वहीची पानं फाडून तुला लिहितेय. शेवटचं पत्र तुला कधी लिहिलं होतं, काही केल्या आठवत नाही. अक्षर पार बिघडलंय माझं, आईच्या हाती लागलं तर लाल पेन शोधायला लावेल. दर रविवारी फोनवर बोलतो तरी हिला पत्राचं काय सुचलं, असं वहिनी म्हणेल. म्हणू दे. मधे उठावं लागलं तर शाई बदललेली दिसेल, तेवढं समजून घे.

गाडीचं तुला अर्धवटच माहीत आहे. आईला व्यायामाच्या केंद्रातून घरी आणत होते, सकाळचे अकरा वाजले असतील. सिग्नलला एका लाँड्रीची व्हॅन उभी होती आणि मी मागून तिच्यावर जाऊन आदळले. व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि धुतलेल्या चादरींचा गठ्ठा आमच्या बॉनेटवर येऊन पडला. ड्रायव्हर तावातावाने उतरला, पण मागच्या सीटवर आई दिसल्यावर त्याचा आवाज एकदम खाली आला. बिचाऱ्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं. कुणाला खरचटलंही नाही. तुला फोनवर मी सांगितलं की मांजर आडवं आलं, आणि तू म्हणालास, 'अगं, मांजराला वाचवायला गेलीस आणि आईला गमावून बसली असतीस.' मग दोघंही हसलो. क्लेमच्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं. रंगाचा रकाना नव्हता, तरी 'करडं मांजर, डावीकडून' असं लिहिलं, आईसमोर बसून, एकेक शब्द पुटपुटत.

आपली गाडी गॅरेजात गेली. रेडिएटर, बॉनेट आणि उजवा दिवा. गॅरेजवाल्याने पंधरा दिवस सांगितले आणि त्याच्याकडची एक छोटी पांढरी गाडी तोवर वापरायला देतो म्हणाला. मी किल्लीसाठी हात पुढे केला तर त्याने स्वतःचा मागे घेतला. 'ताई, गाडी आमची, पण विमा तुमचा. तुमच्या कंपनीला फोन करा, या गाडीचा नंबर तुमच्या पॉलिसीवर चढवून घ्या, त्यांचा कागद आला की किल्ली तुमची.' मला वाटत होतं, गॅरेजची गाडी म्हणजे सगळं त्यांचंच असणार. तसं नसतं. ती गाडी मी कुठे ठोकली तर निस्तरायचं माझ्या विम्याने.

मग त्याच्याच काउंटरशी उभं राहून फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली. गाडीचा नंबर विचारला, किती दिवस हवी ते विचारलं, घरचं आणखी कुणी चालवणार आहे का, असंही विचारलं. त्यावर मी 'घरचं आणखी कुणी नाही' असं सांगितलं. ते ऐकायला जरा विचित्रच वाटलं. मग तिने माझा जबाब मलाच वाचून दाखवला, अगदी शाळेतल्या वाचनासारखा, सावकाश: करडं मांजर डावीकडून अचानक आडवं आलं. बरोबर? बरोबर. शेवटचा प्रश्न होता, चक्कर येणं, फिट येणं, गाडी चालवताना डोळा लागणं असं काही आहे का? मी म्हटलं, नाही. चौदा दिवसांचा विमा मिळाला. पुढे लागला तर परत फोन करायचा.

ती गाडी आईला मुळीच आवडली नाही. आत कुणाच्या तरी अत्तराचा वास भरून राहिला होता, आणि पट्टा लावेपर्यंत टिंग टिंग वाजायची. मी तिला म्हटलं, ही बदली गाडी आहे, बदली शिक्षकासारखी, हिला फार छळायचं नाही. आई हसली. तोंडाच्या डाव्या बाजूने हसते आता, उजवी बाजू अजून साथ देत नाही. अर्धांगाचा झटका येऊन चौदा महिने झाले, शब्द मोजून दहा-बारा परत आलेत. पाणी, नको, चहा, बस. बाकी सगळं तिला समजतं, दादा. काहीही लपत नाही तिच्यापासून. वर्गात फळ्याकडे तोंड असतानाही कोण बोलतंय ते कळायचं ना तिला, तशीच आहे अजून.

फोनवर तू विचारतोस, दिवस कसा जातो. सकाळी साडेपाचला तिचं आवरायला घेते. आठवड्यातून तीनदा केंद्रात नेते, घरी आणून भरवते, शेजारच्या काकू येऊन बसल्या की मी कामावर. कवळ्यांचं काम बारीक असतं हे तुला ठाऊक आहेच. मेणात एकेक दात बसवायचा, अर्ध्या केसाचा फरक पडला तर माणसाला जेवता येत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंच्या कवळीत मी दोन दात उलटसुलट बसवले. साहेब काही बोलले नाहीत, कवळी फक्त माझ्यापुढे आणून ठेवली. ते बोलले असते तर बरं झालं असतं. आणि रात्री आई चार-पाच वेळा उठते. कधी कूस बदलायला, कधी बाथरूमला, कधी नुसतंच कुणी आहे का ते बघायला. चौदा महिन्यांत सलग तीन तास डोळ्याला डोळा लागल्याचं मला आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये. झालं ते कसं झालं, एवढंच तुला कळावं म्हणून.

पहिल्याच आठवड्यात विमा कंपनीचा माणूस चौकशीला घरी आला. सभ्य होता, चपला बाहेर काढून आत आला. त्याने विचारलं, मांजर नेमकं कुठून आलं, व्हॅनच्या पुढून की मागून? आणि माझं डोकं एकदम कोरं झालं. कारण दादा, मांजर नव्हतंच. ना करडं, ना काळं. मला झोप लागली होती. भर सकाळी, लाल सिग्नल समोर दिसत असताना माझे डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा काचेवर चादरी होत्या. तो माणूस पेन धरून थांबलेला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, 'मांजर.' आम्ही दोघांनी वळून बघितलं. आईने डावा हात उचलला, डावीकडून उजवीकडे नेला, आणि तोंड वेडंवाकडं करत, कपाळावर घाम येईपर्यंत धडपडून दुसरा शब्द काढला, 'करडं.'

त्याने ते लिहून घेतलं आणि आजींना नमस्कार करून गेला. तुला आठवतं, सहलीसाठी तुला ताप आल्याची चिठ्ठी हवी होती आणि आईने दिली नव्हती? आठवडाभर तू तिच्याशी बोलला नव्हतास, तरी दिली नव्हती. त्या बाईने माझ्यासाठी परक्या माणसासमोर खोटी साक्ष दिली, आणि तीही जे शब्द तिला इतक्या कष्टाने मिळतात ते खर्चून. तो गेल्यावर तिने चहा घेतला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मला आधी वाटलं, रागावली. मग जवळ जाऊन बघितलं तर रडत होती.

एवढं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं की नाही? मी नाही झाले. केंद्र चुकवायचं नव्हतं, कामावर खाडे करायचे नव्हते, आणि एकदा झालं म्हणजे परत थोडंच होणार, असं मनाला बजावत राहिले. काच खाली करायची, गाणी मोठ्याने लावायची, स्वतःच्या मांडीला चिमटे काढायचे. चिमट्यांचे डाग पडलेत, वहिनीला सांगू नकोस. गॅरेजवाल्याकडे दोनदा चुकून डाव्या बाजूचाच दिवा आला, म्हणून आपली गाडी लांबत गेली आणि ती बदली गाडी माझ्याकडेच राहिली.

तेराव्या दिवशी, केंद्राकडे जाताना, तो लांबलचक सरळ रस्ता आहे ना झाडांचा, तिथे. ऊन झाडांमधून येत होतं, सावली-ऊन, सावली-ऊन. त्यापुढचं मला आठवत नाही. एकदम मागून आई किंचाळली, 'मांजर!' इतक्या मोठ्याने तिचा आवाज मी आजारपणानंतर ऐकलाच नव्हता. मी अंगातला सगळा जोर लावून ब्रेक दाबला. समोर झेब्रा क्रॉसिंग होतं. एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. तिच्यात आणि आमच्यात वीतभर अंतर उरलं असेल. आणि ती बाई माझ्याकडे बघून हसली, थांबल्याबद्दल हात वर केला, आणि निघून गेली. तिला काहीच कळलं नाही. बाबागाडीतून एक पाय बाहेर लोंबत होता, पिवळा मोजा घातलेला. मागचे हॉर्न वाजवून थकले तरी मला गिअर टाकता येईना. आईला 'थांब' सापडलं नव्हतं, माझं नावही सापडलं नव्हतं. जिभेवर जो शब्द होता तो तिने फेकला. त्याने दोन जीव वाचले, कदाचित चार.

दुसऱ्या दिवशी विमा संपत होता. वाढवून घ्यायला फोन केला आणि नशीब बघ, तीच मुलगी. तिने नेहमीच्या सुरात विचारलं, मागच्या माहितीत काही बदल आहे का? मी म्हटलं, आहे. मांजर नव्हतं. मला झोप लागली होती, तेव्हाही आणि कालही. पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. मला वाटलं, आता साहेबाला फोन देईल, नाहीतर कलम सांगेल. ती म्हणाली, 'ताई, तुम्ही आत्ता गाडीत बसून तर बोलत नाही ना?' नाही म्हटलं, स्वयंपाकघरात आहे. 'किल्ली कुठेय?' हातात. 'ती आधी खाली ठेवा.' मी ठेवली. ओट्यावर, चहाच्या डब्याशेजारी. मग मात्र मला हुंदका आवरेना, आणि ती मुलगी फोन न ठेवता थांबून राहिली.

पुढचं तिने नीट समजावलं. बदली गाडीचा विमा वाढणार नाही, डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत आपल्या गाडीचाही चालणार नाही. जबाब नव्याने लिहून द्यायचा. लाँड्रीवाल्याचं नुकसान कंपनी भरेल, आपल्या गाडीचं काय ते वरचे ठरवतील. म्हणाली, झोप लागणं हा गुन्हा नाही ताई, पण ते मांजर लिहायला नको होतं. मी जबाब लिहिला. आईने मांजर सांगितलं ते माझ्यासाठी, तिला बोल लावू नये, असंही खाली लिहिलं. गॅरेजवाला स्वतः येऊन पांढरी गाडी घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, आजार काही नाही, आईंच्या रात्रीची सोय करा. महिनाभर पुरती झोप झाली की मगच गाडीचं बोलू. तोवर आम्ही टॅक्सीने जातो. आई मागे बसून ड्रायव्हरवर नजर ठेवून असते, वर्गावर ठेवायची तशी.

दादा, तू काही कमी केलं नाहीस. खुर्ची पाठवलीस, दर रविवारी न चुकता फोन करतोस. आई आजारी पडली तेव्हा म्हणाला होतास, एका शब्दावर येतो. तो शब्द मी काढला नाही, कारण तू विचारायचास 'कशी आहेस' आणि माझ्या तोंडून आपोआप 'मस्त' निघायचं. तू खरं धरायचास, त्यात तुझा काय दोष? म्हणून हे कागदावर. वाचून लगेच फोन करू नकोस, केलास तर मी पुन्हा मस्तच म्हणेन. दोन महिन्यांची रजा काढ आणि ये. आईला विचारलंय, ती 'बस' म्हणाली. म्हणजे 'पुरे झालं' की 'बसायला ये', ते मला कळलं नाही, तू आल्यावर तूच विचार. तिच्या खोलीतल्या कॉटवर तू झोप. मला माझ्या खोलीचं दार लावून झोपायचं आहे.

तुझीच,
धाकटी