माझ्या मुठीत बसलेलं पिस्तूल

सेक्टर ६, भिलाई
रविवार, जानेवारी १९६३



चीनच्या लढाईनंतर निघालेल्या नेमबाजीच्या क्लबात आज मलमपट्टीच्या वर्गातल्या आम्हा बायांना पहिल्यांदा पिस्तूल निवडायचं होतं. फौजेतून निवृत्त झालेले आमचे उस्ताद आधीच म्हणाले होते, जिचा हात डगमगेल तिला मलमपट्टीच्या वर्गात परत पाठवीन. टेबलावर एक जाडजूड रिव्हॉल्व्हर होतं आणि एक लांब नळीचं हलकं पिस्तूल. ह्यांनी घरूनच बजावलं होतं, "मोठंच घेजो, नाही तं लोक हासतीन."

मोठं उचललं, तर मूठ पुरती मिटेना. चापापर्यंत बोट ताणावं लागत होतं. हलकं घेतलं आणि मूठ कशी अलगद बसली!

मागे बघ्यांत उभे असलेले हे ओरडले, "खेळणं कावून घेऊन राहिली?" सगळे हसले. बदलावं का? क्षणभर वाटलं. पण मूठ खोटं कशाला सांगेल?

"मले हेच पाहिजे," मी म्हटलं.

मग ह्यांनीच ऐटीत मोठं उचललं. बार उडाला, धक्क्यानं हात वर गेला, गोळी निशाणाच्या कागदाला शिवलीसुद्धा नाही. माझी पाळी आली. श्वास रोखून हळूच चाप दाबला. काळ्या वर्तुळाच्या मधोमध भोक!

उस्ताद एवढंच म्हणाले, "बेटी, अगले इतवार सबसे पहले तुम."

सायकलवरून आम्ही घरी आलो. दाराशी थांबून हे हळूच म्हणाले, "मले बी शिकवजो ना ते लहानवालं."

आज चहा ह्यांनी केला. लग्नानंतर पहिल्यांदाच. साखर जास्त झाली होती, पण मी दोन कप प्याले.