सतरा नंबरचा काळा दगड

मी, श्रीमती विमल वामनराव बोरगावकर, वय ७२ वर्षे, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गेल्या दोन महिन्यांत ती जागेवर राहिली याचे मलाच नवल वाटते. कोणी मला धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही. २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी आज रद्द करते. ते ज्या बाईने लिहिले तिला आपल्या घरातली एक गोष्ट ठाऊक नव्हती.

कलम १. राहते घर व अंगण माझी एकुलती मुलगी अपेक्षा हिला द्यावे. मोरीजवळचा चर बुजवला आहे, फरशी बसवायची राहिली आहे. गवंडी दोनदा येऊन गेला, मी त्याला परत पाठवले. त्या जागेकडे मला अजून बघवत नाही. अपेक्षाने ती आपल्या सवडीने बसवून घ्यावी.

कलम २. बँकेतली ठेव, दागिने व भांडी हीही अपेक्षाची. याबाबत सांगण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझा अ‍ॅलनाइट दगडांचा संग्रह, एकूण नमुने त्रेसष्ट, व त्यासोबतची साधने: हातोडी, भिंग, ताणकाटा, किरणे मोजायचे यंत्र आणि न्हाणीघराच्या टाईलचा एक तुकडा. टाईलच्या खरखरीत बाजूवर दगड घासला की त्याच्या भुकटीचा खरा रंग दिसतो, त्यासाठी तो ठेवला आहे, कचरा समजून फेकू नये. हे सगळे यवतमाळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागास द्यावे. माझ्या शाळेस यातले काहीही देऊ नये.

ज्यांना अ‍ॅलनाइट हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असलेले हे सिलिकेट खनिज. रंग काळा, चमक डांबरासारखी, फुटते काचेसारखे. त्यात थोडे थोरियम असते. त्याच्या किरणांनी ते वर्षानुवर्षे आतून मोडत जाते, फुगते आणि भोवतीच्या फिकट दगडाला चहूबाजूंनी भेगा पाडते. या भेगांवरून ते ओळखावे, असे मी मुलांना शिकवत असे.

त्रेसष्टपैकी एकेचाळीस नमुने खात्रीचे आहेत. चौदा बहुधा टूर्मलीन किंवा हॉर्नब्लेंड ही दिसायला तशीच काळी खनिजे असावीत, उमेदीच्या भरात मी त्यांनाही अ‍ॅलनाइट ठरवले. उरलेल्या आठांविषयी मला आज काही सांगता येत नाही, त्यांच्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह घातले आहे. नमुने बंद कपाटात ठेवावेत, हाताळल्यावर हात धुवावेत, निजायच्या खोलीत ठेवू नयेत. हे शेवटचे वाक्य मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचे ऐकून लिहायला हवे होते.

कलम ४. नमुना क्रमांक १७. याची हकीकत लिहिल्याशिवाय हे मृत्युपत्र पुरे होत नाही.

आमच्या शाळेत श्री. धम्मरत्न लिंबाजी भगत प्रयोगशाळा परिचर होते. रविवारी आम्ही दोघे एसटीने महागावकडून पैनगंगेपलीकडच्या गिट्टीच्या खदानीवर जात असू. हातोडी माझी, नजर त्यांची. १९९७ च्या पावसाळ्यानंतर तिथेच त्यांनी एका शिळेकडे बोट दाखवले. म्हणाले, "बाई, हा पाहा. याच्या भोवताल कसा तडकला दगड!" अंगठ्याएवढे स्फटिक मी बरेच पाहिले होते. हा तळहात भरून होता. काळाभोर. वजन चारशे बारा ग्रॅम, पाण्यात बुडवून काढलेली घनता पावणेचार, भुकटी करडी-तपकिरी. मी त्यावर पांढऱ्या रंगाने १७ घातले आणि चिठ्ठीवर लिहिले, 'संग्राहक: सौ. वि. वा. बोरगावकर'. श्री. भगत यांचे नाव घालायचे मला सुचलेही नाही.

किरणांची परीक्षा घरी घेतली. दवाखान्यातून आणलेली एक्स-रेची फिल्म काळ्या कागदात गुंडाळून तिच्यावर दगड ठेवला आणि निजायच्या खोलीतल्या कपाटात चाळीस दिवस तसाच राहू दिला. फिल्म धुतली तेव्हा तिच्यावर दगडाच्याच आकाराचा काळा डाग उमटला होता. मी नाचतच ती यजमानांना दाखवली. ते टपाल खात्यात होते. त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे पोरीच्या उशाशी होतं?"

अपेक्षा तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या वर्षी तिला सारखा ताप येत होता, कशाने ते डॉक्टरांना कळत नव्हते. मी हसले. किरणे फार थोडी आहेत, कपाट पलंगापासून लांब आहे, हे मी नीट समजावून सांगू शकले असते. त्याऐवजी म्हणाले, "तुम्ही आपले शिक्के मारा. हे तुमचं काम नाही."

ते म्हणाले, "हा दगड घरात नको, विमल." मी म्हणाले, "सोमवारी शाळेत नेईन, दाखवून परत आणीन."

त्या सोमवारी नागपूरहून एक तज्ज्ञ संग्रह पाहायला येणार होते. रविवारी संध्याकाळी मी सगळे नमुने पेटीत भरले. सकाळी श्री. भगत पेटी न्यायला आले. शाळेत पाहुण्यांसमोर पेटी उघडली, तर सतराची जागा रिकामी. मुख्याध्यापकांनी विचारले, "पेटी कोणाच्या हाती होती?" मी नाव सांगितले. ते म्हणाले, "मग दुसरं कोण असणार?" त्या वाक्यात काय भरले होते ते मला तेव्हाही कळले होते. मी कळू दिले नाही. दुपारी एक पानभर तक्रार लिहून दिली. महिनाभरात श्री. भगत यांना नोकरीवरून काढले. ते दिग्रस सोडून नेरला गेले. त्यानंतर मी त्यांचे नाव कधी घेतले तर 'तो चोर' म्हणूनच. जेवताना मी तसे म्हटले की यजमान ताटावरून उठत. मला वाटे, त्यांनाही राग येतो.

यजमान २०१८ साली वारले.

यंदा ९ ऑक्टोबरला नळाच्या नव्या पाइपासाठी श्री. बळीराम पवार मोरीजवळ चर खणत होते. त्यांनी हाक मारली, "बाई, डबा लागला! धन हाय का काय?" गंजलेला पत्र्याचा डबा. आत शिशाच्या पत्र्यात काहीतरी घट्ट गुंडाळलेले, आणि सांध्यावर लाल लाख, टपालाची मोहोर उठवलेली. लाखेची मोहोर आमच्या घरात एकाच माणसाला उठवता येत होती. मी पत्रा उलगडला. काळा दगड. पांढऱ्या रंगात १७. आकडा माझ्या हातचा.

मी मातीतच बसले. बळीराम पाणी घेऊन आले. मग मी उठले, ताणकाटा आणला आणि दगडाचे वजन केले. काय करावे ते सुचेना म्हणून वजन केले. चारशे बारा ग्रॅम. पुन्हा केले. पुन्हा तेवढेच. एकवीस वर्षे हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला, आणि तो डबा आमच्यापासून दहा पावलांवर होता.

कलम ५. चौथ्या दिवशी मी नेरला गेले. श्री. भगत यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, मागे घर. त्यांची मुलगी निकिता हिने मला आत घेतले. ते उठले नाहीत.

"बाई, कायले आल्या?"

"सतरा नंबर सापडला."

ते म्हणाले, "कुठी?"

"आमच्या अंगणात. यांनीच पुरला होता. पोरीला बाधेल म्हणून."

"वामनरावजीनं?" त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "त्यायनं त मले त्या दिवशी चहा पाजला होता. पेटी सायकलले आपल्या हातानं बांधून देल्ली होती. म्हणाले, सांभाळून न्या."

हे मला माहीत नव्हते. यापेक्षा जास्त काही कळायचे राहिले असेल असे मला वाटले नव्हते.

मी म्हणाले, "माझं चुकलं." ते म्हणाले, "वामनरावजी भेले. मानूस भेते. पन तुमी त मले इचारलं बी नाही. इचारलं असतं त खिसे उलटे करून दाखोले असते. तुमी सरळ कागद लिवला. ही निकिता शाळेत गेली त पोरं तिले चोराची पोर म्हनत. कोनं सांगतलं असन इथपर्यंत?"

संग्रह, घराचा अर्धा भाग, जे म्हणाल ते तुमच्या नावे करते, असे मी बोलू लागले. त्यांनी हात वर केला. "ते काही नको. कागदानं मले चोर केलं, आता कागदावरच पाह्यजे."

"मी मृत्युपत्रात सगळं लिहून ठेवते."

"तुमी मेल्यावर वाचाचं?" ते म्हणाले. "आन् मी आंधी मेलो त?"

परतीच्या गाडीत मला ते उमगले. मी जिवंतपणी तोंड वाचवण्याची सोय बघत होते, आणि ते त्यांना एका क्षणात दिसले.

कलम ६. म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणारे नाही. २ नोव्हेंबर रोजी मी शाळेच्या संस्थेला लेखी कळवले की माझी १९९७ ची तक्रार खोटी होती. उत्तर आले नाही. फोन केला तर सांगण्यात आले, "मॅडम, आता कायले उकरता?" तेव्हा दिग्रसच्या साप्ताहिकात माझ्या नावाने व फोटोसह जाहीर निवेदन छापून घेतले. श्री. धम्मरत्न भगत यांनी कधीही काहीही चोरले नाही. मी विचारपूस न करता त्यांच्यावर आळ घेतला, आणि तो त्यांच्यावरच घेणे मला सोपे गेले. का सोपे गेले, हे दिग्रसमध्ये कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. निवेदनाची प्रत सोबत आहे. संग्रहातील सतरा नंबरची चिठ्ठी मी बदलली आहे: 'शोधणारे: धम्मरत्न लिंबाजी भगत'. महाविद्यालयाने ती बदलू नये. बदलल्यास अपेक्षाने सगळा संग्रह परत घ्यावा.

कलम ७. अपेक्षास. मी फोनवर सांगितले तेव्हा तू म्हणालीस, "आई, म्हणजे बाबांनी हे माझ्यासाठी केलं?" त्यानंतर तू चार दिवस फोन उचलला नाहीस. तुझा ताप मलेरियाचा होता. पुढे रक्त तपासल्यावर कळले, औषधाने तो गेला. बाबांनाही तेव्हाच कळले होते. तेव्हा दगड उकरून काढता आला असता. त्यांनी काढला नाही, आणि का काढला नाही हे आता कोणी सांगणार नाही. त्यांचा फोटो मी भिंतीवरून उतरवला, दोन दिवसांनी परत लावला, पुन्हा उतरवला. सध्या तो कपाटात उभा आहे. माझ्या पश्चात तुला वाटेल तसे कर. तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्याकडे यातले काहीही येत नाही.

कलम ८. माझे दिवस घालू नयेत. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम अपेक्षा करील.

साक्षीदारांविषयी. आज सकाळी श्री. भगत निकिताला घेऊन स्वतः दिग्रसला आले. साप्ताहिकाचा अंक त्यांच्या हातात होता. म्हणाले, "साक्षीदार लागतेत ना? मी होतो." मी म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. ते म्हणाले, "तेच त पाह्यजे."

सहीपूर्वीची दुरुस्ती. कलम ६ च्या शेवटी मी 'श्री. भगत यांनी मला माफ केले आहे' असे वाक्य लिहिले होते. श्री. भगत यांनी सगळे पान वाचले, त्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे खोटं हाय, बाई. खोट्या कागदावर मी सही नाही करत." वाक्य खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. त्यानंतर त्यांनी सही केली.

लिहून देणार: विमल वामनराव बोरगावकर (सही)

साक्षीदार १: धम्मरत्न लिंबाजी भगत, राहणार नेर (सही)
साक्षीदार २: बळीराम तुळशीराम पवार, राहणार दिग्रस (सही)

दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

स्थळ: दिग्रस
दिनांक: १४ डिसेंबर २०२५