अठ्ठावन्न मापाची सायकल

३ डिसेंबर २०२५, बुधवार. सकाळी ६.४०

मिरची वाळवायच्या पथारीवर पोत्यांची वजनं लिहीत होतो. एकशे बाराव्या पोत्यापाशी निर्णय झाला : रोड बाइक घ्यायची. बजेट चाळीस हजार. त्याहून स्वस्त घेणारे मूर्ख, महाग घेणारे महामूर्ख.

कारण लिहून ठेवतो. २६ जानेवारीला नंदुरबार ते प्रकाशा सायकल स्पर्धा आहे. पहिलं बक्षीस पंधरा हजार. गेल्या वर्षी माझा मावसभाऊ योगेंद्र पहिला आला, तेही मडगार्डवाल्या जड सायकलवर. त्याला सायकलीतलं काही कळत नाही. पाय लांब आहेत, एवढंच. मी आजच नाव नोंदवलं. ‘सायकलचा प्रकार’ या रकान्यात ‘रोड बाइक’ लिहिलं. आता घेणं भाग आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

माझे साठलेले एकतीस हजार. आईची भिशी याच महिन्यात लागली, बारा हजार. त्याचं तिला शिलाई मशीन घ्यायचंय. पथारीवर मिरचीचे देठ खुडून खोकला धरलाय म्हणते. तिला समजावलं की मशीनमध्ये घातलेले बारा हजार बारा हजारच राहतात. मला दिलेस तर २६ जानेवारीला पंधरा होऊन येतील. त्यावर विचारते, आन् तू पहिला नही उना तं?

अडाणी प्रश्न. पैसे मात्र दिले.

७ डिसेंबर, रविवार

वहीत तक्ता आखला. नऊ सायकली, एकतीस रकाने. लोक रंग बघून सायकल घेतात. मी स्पोक मोजले.

स्टेशनजवळचा पंक्चरवाला दोधूभाऊ तक्ता बघून म्हणाला, भाऊ, आधी पाय मोज, मंग सायकल देख. चाळीस वर्षं पंक्चर काढतोय. एवढं कळत असतं तर शोरूम नसतं का टाकलं? शिवाय पायाचं माप हा बत्तिसावा रकाना झाला असता. पानावर जागा नव्हती.

१४ डिसेंबर, रविवार. सुरतहून परतताना, गाडीत

सायकल ठरली. शोरूममध्ये तीच सायकल सांगाड्याच्या चार मापांत, सेंटीमीटरमध्ये : पन्नास, त्रेपन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न. चारींचा भाव एकच. सेल्समन मला बघून लगेच म्हणाला, भाई, आपको पचास. लगेच ओळखलं. मी काट्याजवळ वाढलोय. भाव तोच आणि माल कमी, असा सौदा आमच्या बाजारात आंधळाही करत नाही. अठ्ठावन्न घेतली. शाळेचा गणवेशसुद्धा आई वाढत्या मापाचाच घ्यायची. मी आता चोवीस वर्षांचा आहे, पण तत्त्व तेच.

वर्षभर ही कोणी नेली नाही म्हणून दहा टक्के सूट. माल ओळखणारं गिऱ्हाईक आलं नसेल. बसून बघा म्हणाला. इस्त्रीची पँट होती, नाही बसलो. परत घेतली जाणार नाही, असं बिलावर लिहून माझी सही घेतली. त्यात त्याच्या स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. दुरुस्त करून दिल्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ट्रान्सपोर्टने खोकं आलं. पथारीच्या काट्यावर वजन केलं. कागदावर साडेदहा किलो, काट्यावर अकरा किलो तीनशे. कंपनीला तक्रार लिहायला बसलो. मालक छगनशेठ म्हणाले, त्याच पैशात आठशे ग्रॅम जास्त मिळालं, मंग कसाले रडी ऱ्हायना? शेठना पहिल्यांदाच माझ्यासारखं सुचलं.

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ७.१५

बसलो. पाय जमिनीला लागत नाहीत. चढायला ओटा लागतो. घोड्यावर चढायलाही लागतो, म्हणून कोणी घोड्याला लहान कर म्हणत नाही.

ब्रेकपर्यंत बोटं पोचली नाहीत. वाळत घातलेल्या मिरचीत थांबलो.

तिखटाने मिटलेले डोळे दुपारी उघडले. शेठनी ४८० रुपये कापले. देठ खुडणाऱ्या बाया हसत होत्या. आई हसली नाही, पण पदर तोंडाला होता. खोकल्यामुळे असेल.

२४ डिसेंबर, बुधवार

दोधूभाऊने सीट पार खाली नेली, हँडलचा खुंट बदलून आखूड टाकला. नऊशे घेतले. ब्रेक आता बोटांत येतात. पाय तरीही अधांतरी. मधली दांडीच उंच आहे, ती काय कापू का, म्हणाला. या लोकांना प्रत्येक गोष्ट कापायची असते.

११ जानेवारी, रविवार

मार्ग काढला. एसटीने प्रकाशापर्यंत जाऊन पाय टेकण्याजोग्या जागा लिहून आणल्या. बसथांबे, पारांचे कट्टे, मोरीचे कठडे. एकूण चौदा. चौदावा अगदी शेवटच्या रेषेलगतचा ग्रामपंचायतीचा ओटा. असा अभ्यास योगेंद्र करेल? तो नुसती सायकल चालवतो.

२६ जानेवारी, सोमवार. रात्री ८

सुरुवातीच्या जागी ओटा नव्हता. आईने सीट धरली. मागून कोणीतरी ओरडलं, देखा, माय आंडोरले धरी ऱ्हायनी! लेकाला आईने धरलं तर बिघडलं काय? दुर्लक्ष केलं.

तापीचा पूल ओलांडला तेव्हा मी पहिला होतो. हे खरं आहे. योगेंद्र दिसतही नव्हता.

नियम असा की प्रकाशाला उतरून वहीत सही करायची. चौदाव्या ओट्यावर बक्षिसाचं टेबल मांडलेलं, भोवती पाहुणे. पडायला माझी हरकत नव्हती, पण चारशे माणसांसमोर होती. उतर, उतर, असं सगळे ओरडत होते. मी हात हलवला आणि पुढे गेलो.

शहाद्याच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर उभा दिसला. ट्रॉली धरून उतरलो. तेरा किलोमीटर जास्त झाले. संयोजकांना फोन करून म्हणालो, अंतर बघाल तर सर्वांत जास्त माझंच. ते म्हणाले, सही कुठंय? यादीत माझ्यापुढे ‘गैरहजर’.

योगेंद्र पहिला.

३१ जानेवारी, शनिवार

योगेंद्र सायकल मागायला आला. आधी बसून बघितली. दोन्ही पाय जमिनीवर. एकवीस हजार म्हणाला. सहा रोख, बाकी महिना हजार. बक्षिसाच्या पैशातले सहा हजार मोजून दिले. मी ते आईला दिले. तिने मोजले नाहीत. मशीन पुढच्या हंगामात बघू, म्हणाली, आणि पथारीवर गेली.

सायकल ३८,५२०. ट्रान्सपोर्ट ६५०. हेल्मेट १,१५०. दोधूभाऊ ९००. मिरची ४८०. प्रवेश फी १००. शहाद्याहून टेम्पो २५०.
एकूण खर्च ४२,०५०. हातात ९५०.
योगेंद्रकडून येणे १५,०००.
आईला देणे ६,०००.