हॉट प्रेसमधली गामे

६ एप्रिल २०२०, कॉर्क, आयर्लंड
लॉकडाऊन वाढला. अडकलो! ईशाताईकडे दोन आठवड्यांसाठी आलो होतो. ताईच्या सासूबाई, उषाकाकू, त्याही अडकल्यात. रत्नागिरीहून कोकमाचं आगळ आणलंय ढीगभर. नात तोंड वाकडं करते — "नो थँक्स, आजी, आय'म ग्रँड." म्हणून सरबत सगळं माझ्या वाट्याला.

माझी बाटली अजून सॅकमध्येच. काकूंना दारूचा वाससुद्धा चालत नाही. ठेवू कुठे?

९ एप्रिल
सापडली जागा! माडीवरच्या हॉट प्रेसमध्ये (इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात), टॉवेलांच्या मागे, सगळ्यात वरच्या फळीवर. काकूंचा हात पोचत नाही.

गेल्या वर्षी फ्रान्समध्ये द्राक्षं तोडायला गेलो होतो, तिथे माझ्यासोबत तोडणीला असलेल्या चैत्रालीने दिलेली. लाल वाइन, नुसत्या गामे द्राक्षांची. बाहेरचं काही घालत नाहीत म्हणे, म्हणून जिवंत असते, बाटलीतही आंबत राहते. ग्लास उन्हात धरून ती ओरडली होती, "अरे, हे तर कोकम सरबत!" मी निघालो — का निघालो? कंटाळा आला म्हणून. गाढव! — तेव्हा म्हणाली, "एकट्याने उघडायची नाही. असशील तिथे येते मी."

२१ जून
तिचा फोन. "बाटली गार जागेत आहे ना?"
"हो, एकदम."
गार?? हॉट प्रेस! गरम पाण्याची टाकीच आहे त्या कपाटात! धावलो. बूच उडालेलं, वाइन सगळी टॉवेलांत.

वळलो तर दारात काकू. संपलं, म्हटलं. त्यांनी टॉवेल हुंगला.
"कुणी दिलेली?"
"चैत्रालीने."
"मग बघत काय बसलास? डागावर टाकायला मीठ आण. आणि ईशाला बोलू नकोस."

१४ नोव्हेंबर
दिवाळी. चैत्रालीचा फोन. "जपून ठेवलीयस ना?"
"ठेवलीय."
दर वेळी हेच. खरं सांगितलं तर ती कशासाठी येईल?

३ मार्च २०२१
पाऊस. अजून ताईकडेच. डाग गेला नाही. तो टॉवेल मीच वापरतो.

१९ जुलै
प्रवास खुला झाला! आता चैत्राली येईल. ताई म्हणते, आधी दाढी कर. बाटलीचं काय ते ती आल्यावर सांगेन. हसेल. हसेलच.

२५ जुलै
व्हिडिओ कॉल. "ऐक ना. उघड ती आज, एकटाच. मी नाही येत रे. इथेच छोटा द्राक्षमळा घेतलाय."
हातात शेवटच्या आगळाचं सरबत होतं. तोच ग्लास वर केला.
ती स्क्रीनजवळ आली. "रंग तसाच राहिलाय की!"
तसाच, म्हटलं. आणि प्यायलो.