डागी घड

शिरपूर, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये कापणीचा सण. पाळक सांगत होते, इस्राएली लोक निर्दोष कोकरूच अर्पण करायचे. आणि वेदीपुढे आमच्या मळ्यातला डागी केळीचा घड! धाकट्या भावानं, शमुवेलनं आणलेला. मागच्या बाकावरची अक्का पुटपुटली, "व्यापारीनी टाकेल माल देवले!" व्यापाऱ्यानं नाकारलेला माल देवाला, असं! माझे कान तिखट, ऐकू आलंच.

बाहेर त्याला झापलं, तर हसतो. "भाऊ, येशूनी बळी दिधा ना? आते देव काटा लिसन बठेल शे का?"

बळी संपले, देव तराजू घेऊन बसलेला नाही, मान्य. पण उपकार मानणंही संपलं? व्यापाऱ्यापुढे असा घड ठेवायची आमची छाती नाही.

अर्पणांच्या लिलावात त्या घडाला कुणी बोली लावेना. शेवटी मीच घेतला. आता पडवीत टांगलाय, देवानं परत पाठवल्यासारखा.