उर्सुलाची फरसबी, तुमचा चहा

शॅनन

प्रिय आई,

तुमचा तेरावा करून आम्ही पुण्याहून परतलो त्याला आठवडा झाला. पत्र लिहायचं डोक्यातही नव्हतं. पण आज दुपारी शेजारची उर्सुला भेटायला आली आणि तिनं असं काही सांगितलं, की तुमच्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सासू गेल्यावर सून भांडायला उठली, म्हणाल! म्हणा.

मी फरसबी शिजत ठेवली होती, तुमच्या पद्धतीनं. म्हणजे उर्सुलाच्या जर्मन पद्धतीनं. जाड बुडाचं पातेलं, लोण्यावर परतलेला कांदा, बटाटे, व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि अगदी मंद आचेवर तीन तास. पहिल्यांदा मी कुकरच्या तीन शिट्ट्या काढून तिचा लगदा केला होता, आठवतंय? "कुठं गाडी पकडायचीय का तुला?" म्हणून ओरडला होतात.

उर्सुलानं वास घेतला आणि तिचे डोळेच भरून आले. म्हणाली, "त्या पहिल्या दिवशी तुझ्या सासूनं काय केलं, माहितीय तुला?"

मला काय माहीत असणार! जुई पाच दिवसांची होती. मी वरच्या खोलीत पडलेली, अंगावर दूध नाही, घशाखाली घास उतरत नाही. तुम्ही आणलेले डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं तसंच खाली परत जायचं. जिन्यात थांबून तुम्ही डोळे पुसायचात, ते मला दिसायचं. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

त्या दिवशी उर्सुला पातेलं घेऊन आली. खालून वास आला आणि मी आपण होऊन हाक मारली, "आई, मला ते द्या." दोन वाट्या खाल्ल्या मी! दुसऱ्या दिवशी जुई पहिल्यांदा पोटभर प्यायली.

खाली काय घडलं, ते आज कळलं. फरसबीत लालसर तुकडे दिसले म्हणून तुम्ही खुणेनं विचारलंत. तुम्हाला तिची भाषा येईना, तिला तुमची. शेवटी ती डुकराचा आवाज काढून मोकळी झाली! तुम्ही मटकन खुर्चीत बसलात म्हणे. चातुर्मासात कांद्याला न शिवणारी बाई! तेवढ्यात वरून माझी हाक. तुम्ही उठलात, स्वतःच्या बोटांनी एकेक तुकडा वेचून बशीत काढलात, उर्सुलाकडे बघून ओठांवर बोट ठेवलंत आणि वाटी घेऊन जिना चढलात.

अहो, मला विचारायचं तरी! मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीत ना? याचा थोडा राग आहेच मला.

आणि मी काय केलं? तुम्ही भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केलीत, तर मी वरून कोकलले, "इमर्शनच्या टाकीतलं सगळं गरम पाणी संपवलंत, आता बाळाला काय घालू?" तुम्ही "चुकलं गं" एवढंच म्हणालात. लाज वाटते हो आज.

पुढच्या आठवड्यात तुम्ही उर्सुलाच्या ओट्यापाशी तीन तास उभ्या राहिलात. मांस नको म्हणून तिला हात जोडलेत आणि ती चवीला घालायची त्या वाळक्या पाल्याऐवजी बाळंतिणीचा ओवा चुरून टाकलात. आता तीही ओवाच घालते. तिच्या कपाटात, म्हणजे इथल्या आयरिश बोलीत 'प्रेस'मध्ये, तुम्ही दिलेली ओव्याची डबी अजून आहे.

पण एक गोष्ट उर्सुलालाही ठाऊक नाही. ती गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. चहा! दिवसाला पाच कप पिणाऱ्या तुम्ही, त्याच आठवड्यात चहा सोडलात. "पित्त होतं" म्हणालात. सहा वर्षं! तुमचाच लेक नितीन, तुमची किती थट्टा करायचा. काशीला न जाताच, प्रायश्चित्त म्हणून आवडती वस्तू सोडून बसलात, माझ्या दोन वाट्यांपायी. इतकं कुणी करतं का हो सुनेसाठी?

जुईनं आज फरसबी दोनदा वाढून घेतली. "इट्स ग्रँड, आई," म्हणाली. पोर उभी आहे ती तुमच्यामुळे.

नितीनला यातलं अवाक्षर सांगणार नाही. उर्सुलाही जाताना ओठांवर बोट ठेवून गेली. तुमच्या वर्षश्राद्धाला पानात ही फरसबी असेल, ओवा घातलेली, तीन तास मुरलेली. आणि पानाशेजारी एक कप चहा, आलं घालून, दोन चमचे साखरेचा. त्या दिवशीच्या फरसबीत पाप असलंच, तर ते खाल्लं मी, तुम्ही नाही. तेव्हा कारणं सांगू नका. तुम्हाला कधीच पित्त नव्हतं. प्या.

तुमची भांडकुदळ सून,
मंजिरी